नाशिकमध्ये ताज्या कुकीज आणि नानकटाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये त्याच दिवशी भाजलेल्या कुकीज नेमक्या कुठे मिळतात?

भट्टीवर चालणाऱ्या जुन्या बेकऱ्या मुख्यतः जुने नाशिक, भद्रकाली, नाशिक रोड आणि देवळाली कॅम्प या बाजूला आहेत. तिथे नानकटाई, जिरा बिस्किट, नारळाचे बिस्किट, खारी, टोस्ट आणि चहात बुडवून खायचे कडक बटर मिळते. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर इकडे केक शॉप आणि कॅफे जास्त. चॉकलेट चिप, ओट्स, डबल चॉकलेट असे प्रकार हवे असतील तर तिकडेच जावे लागते. याखेरीज शहरभर घरगुती बेकर आहेत. ते ऑर्डर घेऊनच भाजतात, त्यामुळे एक-दोन दिवस आधी सांगावे लागते.

चकाचक काउंटर म्हणजे ताजा माल, असे धरून चालू नका. बऱ्याच केक शॉपचा माल दुसरीकडच्या कारखान्यात भाजून सकाळी गाडीने येतो. दुकानात ओव्हन आहे का, आणि असेल तर त्यात कुकीज भाजतात की फक्त पॅटिस गरम करतात, हे सरळ विचारावे. विचारलेले कोणाला वावगे वाटत नाही. उलट नीट चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाला कालचा माल सहसा देत नाहीत.

बेकरीत कोणत्या वेळी गेले तर ताजा पत्रा (भाजायचा ट्रे) मिळतो?

भट्टी कोणती आहे त्यावर वेळ ठरते.

विटांच्या लाकडी भट्टीत आधी लाकूड जाळून भट्टी तापवतात, मग निखारे बाजूला ओढतात. पहिला मान पावाचा, कारण त्याला २२० ते २५० अंश सेल्सिअसची कडक आच लागते. पाव निघाला की भट्टी हळूहळू उतरते. उष्णता १७०-१८० च्या आसपास आली की बिस्किटे आणि नानकटाईचे पत्रे आत जातात. टोस्ट सगळ्यात शेवटी, कारण तो भाजायचा नसतो, वाळवायचा असतो. म्हणून पाव पहाटे निघत असेल तर नानकटाई सकाळी उशिरा किंवा दुपारी निघते. सकाळी सातला बेकरीत जाऊन ताजी नानकटाई मागितली तर आदल्या दिवशीचीच हाती पडणार. त्या वेळी ताजा असतो तो पाव.

डिझेल, गॅस किंवा विजेवरच्या रोटरी ओव्हनला हा क्रम पाळावा लागत नाही. तापमान हवे तसे लावता येते, त्यामुळे तिथे कुकीज कधीही निघतात, बहुधा संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी. "आज नानकटाईचा पत्रा कितीला निघणार?" एवढे विचारले की उत्तर मिळते. एकदा वेळ कळली की ती सहसा बदलत नाही. सणाचे दिवस मात्र सोडून द्या, तेव्हा भट्टी दिवसभर चालू असते.

बरणीतली कुकी ताजी आहे हे विकत घेण्याआधी कसे ओळखायचे?

सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे वास. ताज्या नानकटाईला तूप, वेलची आणि भाजलेल्या बेसनाचा वास येतो. जुन्या मालाला आधी वास कमी होतो आणि मग खवटपणा येतो, विशेषतः शेंगदाणे, काजू किंवा सुके खोबरे घातलेल्या प्रकारांत. सुकामेव्यातले तेल मैद्याच्या आधी बिघडते.

मग तोडून पाहा. नानकटाई दोन बोटांत दाबली की भुसभुशीत तुटायला हवी. वाकली तर ओल धरली आहे. दगडासारखी असेल तर एकतर पीठ जास्त मळले आहे किंवा तूप कमी पडले आहे. असा माल ताजा असला तरी घेण्यात अर्थ नाही.

खालची बाजूही उलटी करून बघावी. एकसारखा बदामी रंग चांगला. मध्ये काळा डाग असेल तर पत्रा आचेच्या फार जवळ होता, आणि तो कडवटपणा चहात बुडवूनही जात नाही. वरच्या तडा म्हणजे दोष नव्हे. नानकटाई फुलताना तडकतेच.

ओव्हनमधून आत्ताच काढलेली कुकी मऊ लागते. ती कच्ची असते का?

नाही. गरम असताना तिच्यातली साखर आणि चरबी दोन्ही पातळ असतात. थंड होताना त्या घट्ट होतात आणि तेव्हा कुकी खुसखुशीत होते. चॉकलेट चिप कुकी पत्र्यावरून काढल्यावर १० ते १५ मिनिटांनी खावी. कडा कुरकुरीत, मधे मऊ आणि चॉकलेट अजून ओले, अशी ती तेव्हाच मिळते. नानकटाईला अर्धा-पाऊण तास द्यावा. गरम नानकटाई उचलली की हातातच भुगा होतो आणि तुपाचा स्वादही नीट कळत नाही. म्हणजे नानकटाईच्या बाबतीत "ताजी" आणि "गरम" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कच्ची असेल तर थंड झाल्यावरही मधला भाग पिठूळ आणि चिकट लागतो.

घरचे सामान देऊन बेकरीतून नानकटाई भाजून घेता येते का?

येते. आणि आत काय घातले आहे याची खात्री हवी असेल तर याहून चांगला मार्ग नाही. भट्टी असलेल्या बऱ्याच जुन्या बेकऱ्या हे काम करून देतात. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत याची गर्दी असते. दिवाळीसाठी दसऱ्यानंतर लगेच दिवस ठरवून घ्या. शेवटच्या आठवड्यात गेलात तर नंबर लागणे कठीण, आणि लागला तरी घाईत मळलेले पीठ वाट्याला येते.

१ किलो मैद्याला सर्वसाधारण प्रमाण असे: बेसन १०० ग्रॅम, बारीक रवा १०० ग्रॅम, घट्ट तूप ६०० ग्रॅम, पिठीसाखर ६०० ग्रॅम, बेकिंग पावडर १० ग्रॅम, खाण्याचा सोडा ३ ते ४ ग्रॅम, वेलची पूड आणि चिमूटभर मीठ. पीठ जवळपास २४०० ग्रॅम होते. २५ ग्रॅमचा एक गोळा धरला तर ९५ च्या आसपास नानकटाया होतात. भाजताना पिठातला ओलावा उडून थोडे वजन घटते, त्यामुळे तयार माल सव्वादोन किलोच्या आसपास भरतो. २ किलो मैदा नेलात तर साडेचार किलो माल येईल, तेवढे डबे सोबत ठेवा.

आदल्या दिवशी बेकरीत जाऊन चार गोष्टी पक्क्या करा. भट्टीची वेळ कोणती, मजुरी मैद्याच्या किलोवर की तयार मालाच्या किलोवर, सोडा आणि बेकिंग पावडर त्यांची की आपली, आणि मळायला मशीन आहे का. मजुरीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. वरच्या हिशोबाने १ किलो मैद्याचा सव्वादोन किलो माल होतो, म्हणजे दर सारखाच सांगितला तरी बिल दुपटीहून जास्त फिरू शकते.

साखर घरूनच दळून आणि चाळून न्या. जाड कण राहिले तर नानकटाईवर तपकिरी ठिपके पडतात. तूप घट्ट असावे, वितळलेले नको. एप्रिल-मे मध्ये नाशिकच्या दुपारी तुपाचे पाणी होते. अशा वेळी डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि निघताना ओल्या फडक्यात गुंडाळा. थंडीत उलट अडचण: डिसेंबर-जानेवारीत सकाळी इथे पारा १० अंशांखाली जातो आणि तूप इतके कडक होते की फेसले जात नाही. तासभर आधी ते स्वयंपाकघरात बाहेर काढून ठेवले की पुरते. गॅसवर ठेवू नका.

बेकरीत आधी तूप आणि साखर पांढरे, हलके होईपर्यंत फेसतात. हाताने ८ ते १० मिनिटे तरी. मग चाळलेली पिठे घालून फक्त गोळा जमेपर्यंत एकत्र करतात. इथे पाणी किंवा दूध घालायला सांगू नका. पाण्याने मैद्यातले ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, जागे होते आणि खुसखुशीत व्हायची ती नानकटाई कडक होते. पीठ कोरडे वाटत असेल तर दोन चमचे तूप वाढवा.

डब्यांवर आणि पिठाच्या परातीवर नावाची चिठ्ठी लावा. गर्दीत पत्र्यांची अदलाबदल होते, मग साजूक तुपाचा माल शेजारच्या घरी आणि डालड्याचा आपल्याकडे. आकार वेगळा ठेवणे हा आणखी सोपा उपाय. वर एक चारोळी दाबा किंवा काट्याची खूण करा, आपला पत्रा लांबूनही ओळखू येतो.

माल निघाला की लगेच डब्यात भरू नका. गरम नानकटाईची वाफ झाकणाला लागते, पाणी खाली पडते आणि दुसऱ्या दिवशी सगळा डबा नरम. पत्र्यावरच किंवा वर्तमानपत्र नसलेल्या कोऱ्या कागदावर पूर्ण थंड होऊ द्या. छापील शाई खाण्याला लागणे बरे नाही.

नानकटाई पसरली, बसकी झाली. काय चुकले?

बहुतेक वेळा तूप पातळ होते. त्याखालोखाल कारण म्हणजे सोडा जास्त. सोडा वाढला की नानकटाई पसरते, गडद होते आणि मागाहून साबणासारखी चव येते. तिसरे कारण भट्टी पुरेशी तापलेली नसणे: बाहेरचा थर धरण्याआधीच तूप वितळून सगळे खाली बसते. गोळे करून २० मिनिटे थंड जागी ठेवले तर यातला निम्मा त्रास टळतो.

साजूक तूप, डालडा की बटर?

चवीला साजूक तूप, यात वाद नाही. पण वनस्पती तूप जास्त तापमानालाही घट्ट राहते, त्यामुळे उन्हाळ्यात आकार सांभाळते. स्वस्त पडते म्हणूनही बेकऱ्यांना तेच परवडते. काही जण निम्मे-निम्मे घालतात. एवढी तडजोड चालते, पण मग "साजूक तुपातली" म्हणून दर लावलेला नसावा. ट्रान्स फॅटची (हृदयाला अपायकारक चरबीची) मर्यादा जानेवारी २०२२ पासून देशात तेल-तुपासाठी २ टक्क्यांवर आणली आहे, त्यामुळे पाकिटबंद वनस्पती तूप पूर्वीपेक्षा सुधारले आहे. सुट्टे, बिननावाचे मार्गारीन मात्र टाळावे.

बटर आणि तूप एकास एक बदलता येत नाहीत. बाजारातल्या बटरमध्ये साधारण ८० टक्के चरबी असते, उरलेले मुख्यतः पाणी आणि थोडे मीठ. १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप पुरते. चॉकलेट चिप कुकीला मात्र बटरच लागते. त्यातल्या पाण्यामुळे आणि दुधाच्या अंशामुळे ती मधे मऊ राहते आणि तिला खमंग रंग येतो.

बेकरीच्या बिस्किटाला उग्र, डोळ्यांत जाणारा वास का येतो?

तो खाण्याच्या अमोनियाचा, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेटचा. तो तापला की त्याचा पूर्ण वायू होतो, मागे काही उरत नाही, आणि बिस्किट छान कुरकुरीत होते. पातळ बिस्किटातून वायू सहज निघून जातो. जाड किंवा अर्धवट भाजलेल्या बिस्किटात तो अडकतो. अगदी गरम असताना थोडा वास आला तर काळजी नको, उघडे ठेवल्यावर तो जातो. थंड झाल्यावरही येत असेल तर प्रमाण जास्त झाले आहे किंवा भाजणी कमी पडली आहे. असा माल परत करा.

अंडे चालत नाही. काय विचारावे?

पारंपरिक नानकटाईत अंडे नसते. चॉकलेट चिप, ब्राउनी कुकी आणि काही नारळाच्या बिस्किटांत असते. पाकिटावर हिरवी खूण असेल तर अंडे नाही, अंडे असलेल्या मालावर हिरवी खूण लावता येत नाही. सुट्ट्या मालाला खूण नसते, तिथे विचारावेच लागते. चातुर्मास पाळणारे किंवा जैन घरातले असाल तर पुढचा प्रश्नही विचारा: केकचे अंड्याचे मिश्रण त्याच भांड्यात आणि त्याच पत्र्यांवर होते का? यात तडजोड नको असेल तर पूर्ण एगलेस बेकरी किंवा घरगुती बेकर गाठावा.

नाचणीच्या कुकीज खरोखर नाचणीच्या असतात का?

अर्धे उत्तर रंगात आहे. नाचणीचा तपकिरी रंग जरा मळकट असतो. चॉकलेटी, चमकदार तपकिरी दिसली तर कोको घातलेला आहे. निव्वळ नाचणीच्या पिठात ग्लूटेन नसल्याने कुकी फार भुरभुरते, म्हणून बहुतेक ठिकाणी गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळतात. त्यात वाईट काही नाही, फक्त प्रमाण विचारा. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. पहिले नाव मैद्याचे असेल तर ती नाचणी घातलेली मैद्याची कुकी आहे.

पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर हे तालुके नाचणीचेच. तिकडची नाचणी आणून, पीठ कढईत मंद आचेवर ५-७ मिनिटे भाजून बेकरीत दिले तर कच्चट चव राहत नाही. अर्धे नाचणी, अर्धे गव्हाचे पीठ हे प्रमाण जमते. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिअ‍ॅक (ग्लूटेन न चालणारा आजार) असलेल्यांनी मात्र साध्या बेकरीतली कोणतीही नाचणी कुकी खाऊ नये. तिथल्या हवेत, पत्र्यांवर, वजनकाट्यावर सगळीकडे मैदा असतो.

"शुगर फ्री" कुकीचेही असेच. साखर नसली तरी मैदा आणि तूप तेवढेच असते.

ऑनलाइन मागवली तर ताजी येते का?

कुकी प्रवासाने बिघडत नाही, बंद डब्यातल्या वाफेने बिघडते. गंगापूर रोडवरून नाशिक रोडला डिलिव्हरी मागवली आणि द्वारका चौकात गाडी अडकली, तर गरम भरलेली कुकी पोहोचेपर्यंत लिबलिबीत होते. "थंड करून पॅक करा" अशी सूचना ऑर्डरमध्ये लिहा आणि शक्यतो आपल्याच भागातले दुकान निवडा. घरी आल्यावर १६० अंशांवर ३-४ मिनिटे ओव्हनमध्ये ठेवली की चॉकलेट पुन्हा ओले होते. मायक्रोवेव्हमध्ये १० सेकंदांपेक्षा जास्त नको. त्यात ती आधी मऊ होते आणि थंड झाल्यावर चामट.

पावसाळ्यात डबा उघडला की कुकीज नरम. उपाय?

साखर हवेतला ओलावा ओढते आणि जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या हवेत तो भरपूर असतो. एका मोठ्या डब्याऐवजी तीन-चार लहान डबे भरा, म्हणजे रोज सगळा माल उघडा पडत नाही. नरम झालेली नानकटाई १५० अंशांवर ५ मिनिटे ठेवा आणि उघड्यावर थंड करा, पुन्हा खुसखुशीत होते. खवट झालेली मात्र कशानेही सुधारत नाही. केक किंवा मऊ कुकी त्याच डब्यात ठेवू नका, तिचा ओलावा नानकटाईत जातो.

किती दिवस टिकतात?

साजूक तुपाची, पाणी न घातलेली नानकटाई घट्ट डब्यात ३ आठवडे सहज. बटर आणि अंडे असलेल्या कुरकुरीत कुकीज आठवडाभर. मधे मऊ असलेली चॉकलेट चिप ३-४ दिवस, त्यानंतर ती खाता येते पण मजा राहत नाही. मुंबईला न्यायची असेल आणि सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची असेल तर आदल्या संध्याकाळीच खरेदी करा. रात्रभर थंड झालेला माल पहाटे भरला की गाडीत तुटतही नाही. डब्यात थरांमध्ये बटर पेपर घाला आणि वरची मोकळी जागा चुरगाळलेल्या कागदाने भरा. मोडतोड होते ती डबा रिकामा हलल्याने.

ओव्हन नाही. घरीच ताजी करता येईल का?

जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये होते. कुकरची शिट्टी आणि रबर काढून टाका. तळाला दोन वाट्या जाड मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवा. नॉनस्टिक भांडे वापरू नका, रिकामे तापले की त्याचा थर खराब होतो.

२०० ग्रॅम मैदा, बेसन आणि रवा प्रत्येकी २० ग्रॅम, तूप आणि पिठीसाखर प्रत्येकी १२० ग्रॅम, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा. यात १९-२० नानकटाया होतात. ताटलीत एका वेळी सहा-सातच ठेवा, फुलायला जागा हवी. मंद आचेवर २० ते २५ मिनिटे. पहिली १५ मिनिटे झाकण उघडू नका. खालून लवकर करपत असतील तर एकावर एक दोन ताटल्या ठेवा. वरून फारसा रंग येणार नाही, कारण वरून आच नाही. म्हणून रंगाची वाट पाहत बसू नका, तळ बदामी झाला की काढा. ओटीजी (विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन) असेल तर १७० अंशांवर १८ ते २० मिनिटे.

पाकिटावर काय पाहायचे?

एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, भाजल्याची तारीख आणि घटकांत तूप-तेलाचे नाव. हा क्रमांक घरगुती बेकरलाही लागतो, त्यामुळे मागायला संकोच करू नका. फक्त "बेस्ट बिफोर" छापले असेल आणि तयार केल्याची तारीख पुसट असेल तर ताजेपणाचा दावा सोडून द्या.

अगदी थोडीशीच हवी असेल तर?

जुन्या बेकरीत वजनावर मिळते, पाव किलो मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. २५ ग्रॅमची नानकटाई धरली तर पाव किलोत दहा बसतात. कॅफेत नगावर मिळते आणि तिथली एक मोठी चॉकलेट चिप दोघांना पुरते. पहिल्यांदा जात असाल तर दोन-तीन प्रकार मिसळून पाव किलो घ्या, आणि कोणता पत्रा आजचा ते विचारूनच बोट दाखवा.